उणे

बर्फाच्या कारखान्यात बाबांची रात्रपाळी.
डबा घेऊन गेले तेव्हा विचारलं त्यांनी,
तुमचं ते यंत्र, किती थंड ठेवतात गो त्याला?
म्हटलं, उणे दोनशे त्र्याहत्तर. जवळजवळ.
हातातला पाना खाली ठेवला त्यांनी.
"आमचा अमोनिया उणे दहावर दमतो,"
एवढंच म्हणाले,
आणि दुसऱ्या दिवसापासून मिरकरवाड्यात
ज्याला त्याला सांगत सुटले
की पोरगी बर्फाच्याच लायनीत आहे.

यंत्र आम्ही पाहिलेलं नाही.
कुठल्या देशात आहे, तेही नीट ठाऊक नाही.
आमच्याकडे होती बेंडखळे सरांची सही,
नाझनीन होडेकरचा एक कळ निघालेला लॅपटॉप,
आणि रांग:
पुढे चारशे बारा कामं.
लाईट गेली.
आली.
चारशे नऊ.

प्रश्न तसा पोरकट.
एक बंद डबी. आत शून्य टाकलं की काहीतरी येतं,
एक टाकला की काहीतरी येतं.
दोन्ही वेळी सारखंच, की वेगळं?
कुणीही दोनदा टाकून बघेल.
इथे एकदाच विचारायचं,
शून्य आणि एक यांची मोट बांधून.
मग कळतं ते इतकंच: सारखं, किंवा वेगळं.
काय आलं, ते नाही.

पहिल्या खर्ड्यावर सरांची लाल शाई:
"नाणं, मांजर, भोवरा काढून टाका. गणित घाला."
काढलं.
गणित घातलं तर उत्तरच उलटं,
सारख्याला वेगळं, वेगळ्याला सारखं.
कुठेतरी एक उणे चिन्ह सांडलं होतं.
आठ दिवस शोधलं,
प्रयोगशाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहीपर्यंत.

राजिवड्याला नाझनीनच्या घरी गेलो होतो, सांदणं खायला.
तिचा मामू होडी आत घेत होता,
भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी.
खडकाच्या अलीकडून एक लाट आली, पलीकडून एक,
हिचा माथा, तिचा खळगा,
आणि मधे नाळेखाली पाणी
तव्यासारखं सपाट.
मामू तेवढ्यातून शिरला. बिडी विझू न देता.

"लाटा दोन्ही आहेत," नाझनीन म्हणाली,
"बेरीज नाही."
शक्यता कधी उणे नसते.
तिच्या मुळाशी जे असतं, ते असू शकतं.
हे पुस्तकात होतं, आम्ही ते रेघ ओढून पाठही केलं होतं.
वाळूत बसून वही उघडली.
पान सहा. तिसरी ओळ.
माझंच अक्षर.

यंत्राने एक हजार चोवीस वेळा सोडवलं.
नऊशे सत्तर वेळा म्हणालं, वेगळं.
चोपन्न वेळा चुकलं.
चोपन्न का? सरांनी विचारलं.
आम्ही लिहिलं: गोंगाट, उष्णता,
बाहेरच्या जगाचा शिरकाव.
बाबा म्हणाले, दार नीट लागत नसेल,
रबर बघा आधी.
तेही निष्कर्षात घातलं मी,
त्यांचे शब्द बदलून. ते मला अजून खटकतं.

तोंडी परीक्षेला कोल्हापूरहून आलेले सर
चहात बिस्किट बुडवत म्हणाले, छान.
मग पुढे काय दोघींचं?

नाझनीनच्या घरी कुवेतहून फोन येत होते.
आमच्या घरी फीचा आकडा
कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेला.
यावर आम्ही आपसात कधी बोललो नव्हतो,
तीन वर्षं एका बाकावर बसून.

आणि दोघी एकदम बोललो.
शब्द एकमेकांत शिरले,
काही फुगले, काही विरले,
त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच
की उत्तरं सारखी नव्हती.

बिस्किट कपात पडलं.
"पुन्हा सांगा," ते म्हणाले, "एकेकीने."

नाझनीनने लॅपटॉप मिटला.
"एकदाच असतं, सर."